लुटुपुटूची लढाई, खरं वैर : फिलिपिन्सच्या ‘मोरो-मोरो’ नाटकांची गोष्ट

फिलिपिन्समध्ये एखादी सरकारी चौकशी नुसती दाखवण्यापुरती चालली आहे, निकाल आधीच ठरलाय असा लोकांना संशय आला, की ते म्हणतात, ‘मोरो-मोरो आहे सगळं.’ आपण जिथे ‘लुटुपुटूची लढाई’ म्हणू, तिथे हा शब्द. आरडाओरडा दोन्हीकडून, तलवारी हवेत, आणि जिंकणार कोण हे पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना माहीत.

त्याच वर्तमानपत्रात दुसऱ्या एखाद्या पानावर ‘बांग्सामोरो’ हा शब्द भेटतो. दक्षिणेकडच्या मुस्लिमांचा २०१९ साली सार्वमतानंतर स्थापन झालेला स्वायत्त प्रदेश. यातला ‘बांग्सा’ म्हणजे आपलाच ‘वंश’, संस्कृतातून मलय भाषेत गेलेला. ‘मोरो’ म्हणजे तिथले मुस्लिम. म्हणजे एकाच देशात ‘मोरो’ हे एका समाजाचं अभिमानानं घेतलेलं नाव आहे, आणि तोच शब्द दोनदा उच्चारला की त्याचा अर्थ ‘बनाव’ होतो. हे कसं झालं ते कळायचं असेल, तर तीनशे वर्षं गावोगावच्या चौकांत रंगलेल्या एका नाटकाकडे जावं लागतं.

आधी नाव : हे ‘मोरो’ कुठून आले?

फिलिपिन्सचे ढोबळ तीन भाग. उत्तरेला लुझोन, मध्ये विसायाची बेटं, दक्षिणेला मिंडानाओ आणि सुलूची बेटमाळ. स्पॅनिश माणसं येण्याच्या बरंच आधी, पंधराव्या शतकात, सुलूमध्ये मुस्लिम सुलतानांचं राज्य उभं राहिलं होतं. पुढे मिंडानाओत मागिंदानाओची सल्तनत आली. उत्तरेत मनिलापर्यंत इस्लामची चाहूल लागलेली होती. १५७१ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगाझ्पीनं मनिला घेतलं तेव्हा तिथल्या एका राजाचं नाव होतं राजा सुलायमान. ‘राजा’ आपला, ‘सुलायमान’ अरबस्तानाकडचा, आणि ब्रुनेईच्या घराण्याशी सोयरीक. त्या किनाऱ्यावर असं मिसळलेलं जग होतं.

स्पॅनिशांनी मात्र या माणसांना पाहिलं आणि त्यांना स्वतःचा देश आठवला. स्पेनमध्ये ७११ पासून मुस्लिम सत्ता होती, आणि १४९२ मध्ये ग्रानादा पडलं तेव्हा ती संपली. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या त्या मुस्लिमांना स्पेनमध्ये ‘मोरो’ म्हणत. जवळपास आठशे वर्षांच्या त्या झगड्यातून म्हणी तयार झाल्या, सण तयार झाले, नाटकं तयार झाली. आजही स्पेनच्या आल्कोय गावात दर एप्रिलमध्ये ‘मोरो आणि ख्रिस्ती’ यांच्या खोट्या लढाईचा उत्सव भरतो. ‘धोका नाही’ असं सांगायला स्पॅनिश भाषेत म्हण आहे : किनाऱ्यावर मोरो नाहीत.

आशियात पोचताना हे लोक तो शिक्का खिशात घेऊनच आले होते. मिंडानाओच्या शेतकऱ्याचा किंवा सुलूच्या कोळ्याचा मोरोक्कोशी काडीचाही संबंध नव्हता. पण तो मुस्लिम, म्हणून मोरो. पोर्तुगीजांनी आपल्याकडे गोव्यात आणि मलबारात हेच केलं, तेही इथल्या मुसलमानांना ‘मूर’ म्हणत. गोष्ट लहान वाटते, पण पुढचं सगळं यात आहे. समोरच्या माणसाची ओळख होण्याआधीच त्याची भूमिका ठरलेली होती.

नाटक दिसायचं कसं?

या नाटकाचं रीतसर नाव ‘कोमेद्या’. विसायातल्या सेबू बेटाकडे त्याला ‘लिनाम्बाय’ म्हणतात. ‘मोरो-मोरो’ हे लोकांच्या तोंडी बसलेलं, आणि पुढे नाक मुरडणाऱ्यांनी वापरलेलं नाव. मी इथून पुढे कोमेद्या म्हणेन.

गावच्या ग्रामदेव-संताचा उत्सव. चर्चसमोरच्या चौकात बांबू आणि लाकडाचा मंच. त्यावर राजवाड्याचा रंगवलेला पडदा, दोन बाजूंना दोन दरबार. एक ख्रिस्ती राज्य, एक मोरो राज्य. खेळ एका रात्रीत संपत नाही, तीन-तीन दिवस चालतो, कधी आठवडाभरही. ख्रिस्ती राजपुत्र येतो तेव्हा बँड संथ, ऐटदार चाल वाजवतो, त्याच्या अंगावर निळा किंवा काळा पोशाख. मोरो राजा येतो तो लाल पोशाखात, पाय आपटत, हात उगारत, आवाज चढवून. आपल्याकडे दशावतारात राक्षस बाहेर आला की तोंड उघडण्याआधीच पोरांना कळतं ना, तसंच.

संवाद सगळे पद्यात, आठ किंवा बारा अक्षरांच्या ओळींत, तेही एका लयीत उंच सुरात म्हटलेले. नट म्हणजे गावचेच शेतकरी, सुतार, कोळी. शेकडो ओळी पाठ कुठून होणार? म्हणून मंचाच्या कडेला किंवा खालच्या खोपटात संहिता घेऊन ‘आपुंतादोर’ बसलेला असतो. तो ओळ वाचतो, नट ती मोठ्यानं म्हणतो. प्रेक्षकांना दोन्ही आवाज ऐकू येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला या नाटकातली ही जागा फार बोलकी वाटते. हातात तलवार घेतलेला माणूस त्वेषानं ज्या शेजाऱ्याचा धिक्कार करतोय, त्या धिक्काराचा शब्द न् शब्द त्याच्या कानात दुसऱ्यानं नुकताच सोडलेला आहे.

मग ‘बाताल्या’, म्हणजे लढाई. ती खरी लढाई नसते, बसवलेला नाच असतो. चार पावलं पुढे, वळण, तलवारीवर तलवार, मागे. लोक याचसाठी जागतात. जोडीला ‘माहिया’, म्हणजे जादू : दोरीनं खाली उतरणारा पक्षी, दुभंगणारा डोंगर, अचानक प्रकटणारा देवदूत. आणि एक ‘पुसोंग’, आपला सोंगाड्या, जो मधेच येऊन राजालाही टोमणे मारतो आणि पहिल्या रांगेत बसलेल्या गावच्या बड्या माणसालाही.

कथा ठरीव. ख्रिस्ती राजपुत्र मोरो राजकन्येच्या प्रेमात पडतो, नाहीतर मोरो राजपुत्र ख्रिस्ती राजकन्येच्या. घराण्यांचा विरोध, कैद, परीक्षा, युद्ध. शेवटी मोरो पक्ष हरतो, आणि मग दोनच वाटा : मरण किंवा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं होणारा ख्रिस्ती धर्मप्रवेश. कधी असंही उघड होतं, की शूर, देखणा मोरो वीर हा मुळात ख्रिस्ती घरात जन्मलेला, लहानपणी हरवलेला मुलगा होता. या युक्तीनं प्रेक्षकांना त्याचं कौतुकही करता येई आणि त्याचं मोरोपणही पुसता येई.

१६३७ : कुदरात हरला, पण मंचावर

या प्रकाराची सुरुवात म्हणून नेहमी एक तारीख सांगितली जाते, ५ जुलै १६३७. त्या वर्षी गव्हर्नर हुर्तादो दे कोर्कुएरानं मिंडानाओत जाऊन मागिंदानाओचा सुलतान कुदरात याच्या ठाण्यावर हल्ला केला आणि ते जिंकलं. मनिलात विजयाची मिरवणूक निघाली. हिएरोनिमो पेरेझ या जेझुइट पाद्र्यानं लगोलग त्या विजयावर नाटक लिहिलं, आणि ते मनिलात झालं. मनिलाजवळच्या कॅवितेतली शाळकरी पोरंही त्याच सुमारास किल्ला करून दोन पक्षांत लढली, असं त्या काळच्या वृत्तान्तात येतं. आपल्याकडे दिवाळीत किल्ला करतात, मावळे मांडतात. इथे पोरंच मावळे आणि पोरंच शत्रू.

नाटक इथे संपतं. कुदरात हरला, टाळ्या.

प्रत्यक्षात कुदरात निसटला होता. दोन वर्षांनी तो मिंडानाओतल्याच मारानाओ समाजाच्या सरदारांना समजावत होता, की स्पॅनिशांच्या हाताखाली गेलेल्या लुझोनच्या तागालोग आणि विसाया लोकांची हालत बघा, त्यांची वेठबिगारी बघा, आणि मग ठरवा. त्याचं हे म्हणणं स्पॅनिश पाद्र्यांनीच नोंदवून ठेवलंय. १६४५ मध्ये, म्हणजे नाटकानंतर अवघ्या आठ वर्षांत, स्पॅनिशांना त्याच्याशी तह करावा लागला. १६६३ मध्ये चिनी सरदार कोशिंगाच्या स्वारीच्या धास्तीनं त्यांनी मिंडानाओतला झांबोआंगाचा किल्ला सोडला आणि फौज मनिलाकडे हलवली. कुदरात त्यानंतरही अनेक वर्षं सुलतान होता.

मनिलातल्या माणसाला यातलं काय कळलं असेल? मिंडानाओ बोटीनं कित्येक दिवसांच्या अंतरावर. तह होतात ते कागदावर, बंद खोलीत. नाटक होतं चौकात, सगळ्यांसमोर. कुणाच्या लक्षात काय राहणार हे उघड आहे.

सुलतानाचा बाप्तिस्मा

शंभर वर्षांनी असं काही घडलं, की जणू कोमेद्याचा शेवटचा अंक खऱ्या आयुष्यात उतरला. सुलूचा सुलतान अझीम उद्-दीन याची घरच्या गादीवरून भांडणं झाली आणि तो १७४९ मध्ये मनिलाला आला. स्पॅनिशांनी त्याचं थाटात स्वागत केलं. मग तो ख्रिस्ती होणार अशी बोलणी सुरू झाली. मनिलाच्या आर्चबिशपला त्याच्या मनाची खात्री पटेना, म्हणून बाप्तिस्मा मनिलाबाहेर, आजच्या तार्लाक प्रांतातल्या पानिकी गावी झाला, एप्रिल १७५० मध्ये. सुलतानाचं नाव झालं फर्नांदो, स्पेनच्या राजाचंच.

मनिलाला आनंद मावेना. चार रात्री आतषबाजी, तीन दिवस बैलांच्या झुंजी, रोषणाई, सोंगं, आणि अर्थातच तीन रात्री नाटकं. गावागावांत इतकी वर्षं मंचावर पाहिलेलं दृश्य साक्षात समोर होतं : मोरो राजानं मान झुकवली, डोक्यावर पाणी पडलं.

पण आयुष्य तिथे पडदा पाडत नाही. १७५१ मध्ये त्याला परत सुलूला पाठवायला निघालेल्या स्पॅनिशांनीच त्याला वाटेत झांबोआंगात अटक केली. त्याच्या एका पत्राचा त्यांना संशय आला होता. मुलंबाळं, नोकरचाकर यांच्यासह त्याला मनिलात कैदेत ठेवलं. सुटला तो बारा-तेरा वर्षांनी, इंग्रजांनी मनिला घेतलं होतं तेव्हा. त्यांनीच त्याला १७६४ मध्ये सुलूतल्या होलोला नेऊन पुन्हा गादीवर बसवलं. बाप्तिस्मा घेऊनही तो स्पॅनिशांच्या लेखी मोरोच राहिला. नाटकात धर्म बदलला की भांडण मिटत होतं, कारण नाटकात भांडण फक्त धर्माचं होतं. खऱ्या भांडणात व्यापार होता, खंडणी होती, समुद्रावरची सत्ता होती, आणि ती पाण्यानं धुतली जात नव्हती.

पण हल्ले तर खरे होते ना?

होते. हे झाकून पुढे जाणं विसायाच्या किनाऱ्यावरच्या लोकांवर अन्याय होईल. दक्षिणेकडचे इरानुन आणि बालांगिंगी दर्यावर्दी मोसमी वाऱ्यांवर येत, गावं लुटत, माणसं पकडून नेत आणि गुलाम म्हणून विकत. मलय भाषेत समुद्री चाच्याला ‘लानुन’ म्हणतात, तो शब्द इरानुनवरूनच आला. १७७० ते १८७० या शतकात सुलूकडे दोन ते तीन लाख माणसं अशी नेली गेली असावीत, असा इतिहासकार जेम्स वॉरन यांचा अंदाज आहे. सेबूच्या दक्षिण किनाऱ्यावर हुलियान बेर्मेहो या पाद्र्यानं टेहळणीच्या बुरुजांची रांग बांधून घेतली. बोल्होऑनचं चर्च बघितलं तर ते प्रार्थनेइतकंच तटबंदीसाठी बांधलंय हे दिसतं. ज्या आईचं मूल असं नेलं गेलं, तिला चौकातला लाल पोशाख बघून जे वाटत असेल ते पुस्तकी नव्हतं.

मग हरकत कशाला? हरकत अशी, की या छाप्यांमागचं कारण नाटकात कधीच आलं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या चहाचा युरोपात प्रचंड खप होता. तो चहा घ्यायला चिनी बाजारात काहीतरी द्यावं लागे, आणि चिनी लोकांना हव्या होत्या सुलूच्या समुद्रातल्या वस्तू : वाळवलेल्या समुद्रकाकड्या, मोत्यांचे शिंपले, पक्ष्यांची खाण्याजोगी घरटी. ते गोळा करायला हात हवेत, म्हणून माणसं पकडायची. बदल्यात युरोपी व्यापारी बंदुका आणि दारूगोळा देत. म्हणजे विसायाचा कोळी ज्या साखळीत अडकला तिचं दुसरं टोक लंडनच्या चहाच्या पेल्यात होतं.

शिवाय स्पॅनिश स्वाऱ्यांमध्ये वल्ही मारणारे आणि पुढे राहून मरणारे बहुतेक स्थानिक ख्रिस्तीच होते, पुष्कळदा सक्तीनं आणलेले. त्या स्वाऱ्यांत मुस्लिम गावं जाळली जात, नारळाची झाडं तोडली जात, माणसं तिकडूनही पकडून आणली जात. १८४८ मध्ये गव्हर्नर क्लावेरियानं वाफेच्या बोटी नेऊन बालांगिंगीचे किल्ले उद्ध्वस्त केले. त्या गावांतल्या बायकामुलांना चौकातल्या मंचावर जागा नव्हती.

जागा होती ती त्यांच्या स्वतःच्या गाण्यांत. सुलूच्या तौसुग लोकांत ‘किस्सा’ म्हणून गाऊन सांगायची आख्यानं आहेत. त्यातलं एक अब्दुल्ला आणि इसारा या वाग्दत्त जोडप्याचं. स्पॅनिश सैनिक इसाराची छेड काढतो आणि अब्रूसाठी दोघं होलोच्या स्पॅनिश ठाण्यावर चालून जाऊन मरतात. तिथे चेहरा नसलेला खलनायक कोण आहे हे सांगायला नको.

मग हा नुसता पाद्र्यांचा प्रचार होता का?

असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. पाद्री नाटक सुरू करू शकतो, तीनशे वर्षं चालवू शकत नाही. लोकांनी ते आपलं केलं. पोशाखासाठी घरचे पैसे घातले, आईबापांची भूमिका मुलांनी चालवली. मनिलाजवळच्या पारान्याके इथल्या सान दिओनिसिओमध्ये कोमेद्या आजही होते, आणि भूमिका करणं हा तिथे नवस असतो. संताला दिलेला शब्द.

लोकांना त्यात काय मिळत होतं? राजवाडे, प्रेम, परदेश. बापाविरुद्ध जाऊन प्रेम करणारी राजकन्या. राजाला उलट बोलणारा सोंगाड्या. ज्या गावात स्पॅनिश पाद्र्यासमोर मान वर करायची सोय नव्हती, तिथे शेतकऱ्याचा मुलगा तीन रात्री राजपुत्र होत होता. हे सुख खोटं नव्हतं.

आणि एक गंमतीची गोष्ट. या नाटकांतले मोरो बहुतेक मिंडानाओचे नसतच. ते पर्शियाचे, तुर्कस्तानचे. ख्रिस्ती राज्यंही आरागॉन, अल्बानिया अशी. फ्रान्सच्या शार्लमान राजाचे बारा वीरसुद्धा फिलिपिन्सच्या चौकात लढले. हेच वीर केरळात कोचीच्या आसपास ‘चविट्टुनाटकम’मध्ये लाकडी फळ्यांवर पाय आपटत लढतात, कारण तिथे पोर्तुगीज पोचले होते. एकच गोष्ट युरोपातून निघाली आणि दोन किनाऱ्यांवर दोन भाषांत रुजली.

काही जण म्हणतात, मोरो पर्शियाचाच होता तर शेजाऱ्याला लागायचं कारण काय? मला वाटतं, जास्त लागण्याचं कारणच ते. नाटकात खरा मागिंदानाओ शेतकरी असता, त्याचं घर, त्याचं भातशेत, त्याची भाषा असती, तर कुणाला तरी ओळखीचं काही दिसलं असतं. तो तागालोगपेक्षा फार वेगळा दिसतही नाही. पण मंचावर होता तुर्की पगडीवाला, आणि नाव त्याला शेजाऱ्याचं. लुझोनच्या आतल्या गावात जिथे कुणी कधी मुस्लिम माणूस पाहिला नव्हता, तिथे ‘मोरो’ म्हणजे तो लाल पोशाख, एवढंच ज्ञान पिढ्यान् पिढ्या पोचलं.

बालाग्तासनं फिरवलेली बाजू

याच परंपरेत, याच बारा अक्षरी ओळींत लिहिणारा फ्रान्सिस्को बालाग्तास (१७८८–१८६२) हा कवी. त्याचं १८३८ चं ‘फ्लोरांते आत लाउरा’ हे दीर्घकाव्य फिलिपिन्समध्ये शाळेत शिकवतात. त्यात ख्रिस्ती सरदाराचा मुलगा फ्लोरांते झाडाला बांधलेला आहे, दोन सिंह झेपावणार आहेत. त्याला सोडवतो अलादिन, पर्शियाचा मुस्लिम राजपुत्र. बेशुद्ध शत्रूला तो मांडीवर घेऊन रात्रभर बसतो. फ्लोरांते शुद्धीवर येतो आणि कुणाच्या हातात आहोत हे पाहून दचकतो, तेव्हा अलादिन त्याला सांगतो, की धर्म वेगळा असला तरी दया करायची आज्ञा मलाही आहे. फ्लोरांतेचा घात केलाय तो ख्रिस्ती दरबारातल्या माणसानं, अलादिनचा घात केलाय तो त्याच्या स्वतःच्या बापानं.

शेवटी अलादिन बाप्तिस्मा घेतो, हे खरं. ती चौकट बालाग्तासनं मोडली नाही. स्पॅनिश राजवटीत कदाचित मोडू दिलीही नसती. पण सिंहांच्या तोंडातून माणूस सोडवतो तेव्हा अलादिन मुस्लिमच असतो. ‘ओरोस्मान आत साफिरा’ या कोमेद्यात तर बालाग्तासनं सगळी पात्रं मुस्लिमच घेतली. चांगली, वाईट, प्रेमात पडलेली, सूड घेणारी, सगळी. मोरो माणसाला लाल पोशाखाआड इतके वेगवेगळे चेहरे फार कमी जणांनी दिले असतील.

नाव परत घेतलं

अमेरिकी राजवट आली आणि १९०२ मध्ये सेवेरिनो रेयेस यानं ‘आर. आय. पी.’ नावाचं नाटक लिहून कोमेद्या मेली असं मंचावरूनच जाहीर केलं. त्याला आणि त्याच्या पिढीला सार्सवेला हवा होता, आपल्या संगीत नाटकासारखा, आजच्या माणसांचा, आजच्या प्रश्नांचा. शहरांत कोमेद्या मागे पडली, गावांत राहिली. ‘मोरो-मोरो’ हा शब्द राजकारणात शिरला.

मुस्लिम समाजाला या नाटकांचा राग होता आणि आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. पण त्यांनी शब्द टाकून दिला नाही. १९६८ मध्ये कोरेहिदोर बेटावर लष्करी प्रशिक्षणाला आणलेल्या तरुण मुस्लिमांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चळवळीनं नाव घेतलं ‘मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंट’. स्पॅनिशांनी शिवी म्हणून दिलेलं नाव, जे स्पेनपुढे कधी पुरते झुकले नाहीत त्यांची खूण म्हणून मिरवायला सुरुवात झाली. दशकांच्या रक्तपातानंतर २०१४ चा शांतता करार झाला, आणि त्यातून पुढे बांग्सामोरोचा प्रदेश आला.

कोमेद्या आता करावी की नाही, यावर तिथे अजून वाद होतो. काही गावांनी संहिता तशाच ठेवल्यात, कारण नवस संहितेसकट आलाय. २००८ मध्ये फिलिपिन्स विद्यापीठानं कोमेद्याचा महोत्सव भरवला, आणि त्याच वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांच्या रंगमंचावर ‘ओरोस्मान आत साफिरा’ नव्या नृत्य-संगीतासह उभं राहिलं.

आणि कुदरात? १९७३ मध्ये मिंडानाओतल्या एका प्रांताला त्याचं नाव दिलं, सुल्तान कुदारात. त्याचा पुतळा मात्र मनिलाच्या शेजारी, माकातीत, आयाला रस्त्यावरच्या चौकात आहे. बँका आणि कंपन्यांच्या उंच इमारतींच्या मध्ये तो उभा आहे. ज्या शहरात १६३७ च्या जुलैत त्याचा पराभव टाळ्यांच्या गजरात दाखवला गेला, ते शहर तिथून गाडीनं थोड्याच अंतरावर.